ऐकलंत का, कोशिंबिरीने नाव बदललं!

आधी पंचे गेले.

आमच्या सोसायटीत चोऱ्या अगदीच होत नाहीत असं नाही. पण जातं ते काय, तर सायकलची घंटी, कुंडीतलं ब्रह्मकमळाचं पान, फार झालं तर दारातलं रविवारचं वर्तमानपत्र. दोरीवर वाळत घातलेला पंचा कोण नेणार? पण गेला. आधी ए-विंगमधल्या आजोबांचा, मग तळमजल्यावरच्या गुरुजींचे एकदम दोन, आणि मग आमच्या मामंजींचा. लाल काठाचा, पंढरपूरहून आणलेला, धुऊन धुऊन सायीसारखा मऊ झालेला. मामंजी न्हाणीघराच्या दाराआड उभे राहून "अगं, पंचा!" म्हणून हाका मारताहेत आणि आम्ही सासूसुना घरभर कपाटं उचकटतोय, हे दृश्य खरं तर मी कुणाला सांगणार नव्हते.

तपास आपोआप लागला. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे मी विरजण मागायला गेले होते. त्यांनी फ्रिज उघडला. मधल्या फळीवर पातेलं, पातेल्यावर चाळणी, चाळणीत गाठ मारलेलं पांढरं गाठोडं. काठ लाल.

"श्रीखंड का?" मी विचारलं. पाडवा होऊन महिना उलटला होता, दसरा कुठल्या कुठे.

वहिनींनी फ्रिजचं दार लोटलं, जिन्याकडे नजर टाकली आणि हळूच म्हणाल्या, "ग्रीक आहे."

पंचा मात्र त्यांचाच निघाला. तुळजापूरचा. लाल काठाचे सगळे पंचे सारखेच दिसतात, यावर आमचं दोघींचं एकमत झालं आणि मी विरजण न घेताच घरी आले.

तर प्रकरण असं आहे. आमच्या सोसायटीतल्या बायका (आणि दोन पुरुष, त्यांचंही सांगते) गेले काही महिने दही टांगताहेत, काकडी किसून पिळताहेत, दोन्ही कालवून त्यात कच्चा लसूण घालताहेत, वरून ऑलिव्ह ऑईलची धार सोडताहेत, हिरवा पाला भुरभुरवताहेत, आणि एवढं सगळं करून त्याला कोशिंबीर म्हणायला मात्र तयार नाहीत. नाव घेतात ते असं, की ऐकणाऱ्याला वाटावं यांना शिंक आली. त्झात्झिकी! कुणी टझाझिकी म्हणतं, कुणी ताझिकी. भिशीत एकीने "जझकी" म्हटलं तेव्हा शेजारचीने विचारलं, "कुठल्या गावची?"

उच्चाराचं मी मुद्दाम सांगते, कारण इंग्रजी बोलणाऱ्यांची बोबडी वळते म्हणून आपलीही वळलीच पाहिजे असा नियम नाही. ग्रीक माणूस या शब्दात जो आवाज काढतो तो आपल्याकडे घरोघर आहे. जाऊबाईंतला ज. जावयातला ज. तोच दोनदा: जा-जी-की. दुसऱ्या खेपेला ई लागली म्हणून जिभेने जिलबीकडे घसरायचं नाही, एवढंच पथ्य. ज्या भाषेत जावा-जावांचा एवढा इतिहास आहे तिने या नावापुढे हात टेकावेत म्हणजे कमालच झाली. मी इथून पुढे सरळ जाजीकी लिहिणार.

आणि तिचा थाट बघा. कोशिंबिरीची जागा कुठली? पानात डावीकडे, लिंबाची फोड आणि चटणीच्या शेजारी. कितीही चांगली झाली तरी दोन चमचे. तिने कधी तक्रार केली नाही. आता तीच बाई टेबलाच्या मधोमध काचेच्या वाडग्यात बसते, भोवती गाजराच्या कांड्या आणि भाजलेल्या पावाचे तुकडे हात जोडून उभे, आणि लोक एकेक करून तिच्यात बुडवतात. डिप म्हणे! आजवर आमच्या घरात बुडवून खाल्लेली एकच गोष्ट, चहात खारी. तीही पाहुणे नसताना.

हे खूळ आपल्याकडेच आलंय असं समजू नका. काकडीने अख्खं जग नादाला लावलंय. २०२४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. कॅनडातला लोगन मॉफिट नावाचा एक तरुण मोबाईलवर रोज आख्खी काकडी चकत्या करून डब्यात घालायचा, वर लसूण, तिळाचं तेल वगैरे ओतून झाकण लावून खळखळ हलवायचा आणि खायचा. एवढंच. ते बघून तिकडे आइसलँडमध्ये लोक काकडीवर असे तुटून पडले की दुकानांतल्या काकड्या संपल्या. तो देश बर्फाचा. काकडी पिकते ती जमिनीतल्या उष्णतेवर आणि दिव्यांच्या उजेडात काचघरांत. त्यात जुन्या वेली काढून नव्या लावायचाही तोच हंगाम निघाला. बागाईतदारांच्या संघाला खुलासा करावा लागला की आमचा पुरवठा मागणीला पुरत नाही. एका पोराने डबा हलवला आणि एका देशाची काकडी संपली! आमच्या भाजीवाल्या मावशींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "त्याचा फोन नंबर हाय का?"

बरं, ही जाजीकी मूळची कुणाची? इथे खरी मजा आहे. ग्रीस म्हणतं आमची. पण नाव पडलंय ते तुर्की 'जाजिक'वरून. तुर्कस्तानातली जाजिक पातळ असते, आपल्या मठ्ठ्याकडे झुकणारी. उन्हाळ्यात वाटीत बर्फाचा खडा टाकून चमच्याने पितात. 'योगर्ट' हा शब्दसुद्धा मुळात तुर्की. बल्गेरियात तेच पाणी आणि अक्रोड घालून थंड सार करतात, त्याचं नाव तारातोर. आणि तेच पाण्याऐवजी टांगलेल्या दह्यात घट्ट केलं की त्याला म्हणतात स्नेझांका, म्हणजे गोष्टीतली हिमगौरी. सायप्रसमध्ये नाव तालात्तूरी, आणि तिथे पुदिन्याशिवाय पान हलत नाही. इराणात मास्त-ओ-खियार: मास्त म्हणजे दही, खियार म्हणजे काकडी, आणि त्यात बेदाणे, अक्रोड, वर वाळलेल्या गुलाबाच्या पाकळ्या. हे वाचून सासूबाई म्हणाल्या, "कोशिंबीर म्हणायची की वरातीतला घोडा?"

म्हणजे पाच शेजारी, सहा नावं आणि प्रत्येकाचं म्हणणं की बाकीच्यांनी आमच्यावरून उचललं. आमच्या बी-विंगमधल्या चार घरांत पुरणपोळीवरून जे चालतं तेच. ग्रीसमध्ये तर निकोलाओस त्सेलेमेंतेस नावाचे एक नामांकित बल्लवाचार्य होऊन गेले. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी जो पाककृतींचा ग्रंथ लिहिला तो इतका घरोघर गेला की ग्रीक भाषेत 'त्सेलेमेंतेस' म्हणजेच पाककृतींचं पुस्तक असा अर्थ रूढ झाला. आपल्याकडे १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं आणि पुढे नव्या नवरीच्या ट्रंकेत पुस्तक म्हणजे रुचिरा असं समीकरण झालं, तसंच काहीसं. पण या त्सेलेमेंतेस महाशयांचं सगळं प्रेम फ्रेंच लोण्या-सायीवर. ग्रीक स्वयंपाकातून तुर्की वळण काढून टाकायचा त्यांनी चंगच बांधला होता, आणि लसूण-मसाल्यांकडे तर ते नाक मुरडूनच बघायचे. एवढा मोठा माणूस मागे लागला तरी लसणाची जाजीकी ग्रीकांच्या टेबलावरून हलली नाही.

आणि या सगळ्या भांडणात काकडी काय म्हणते? काकडी म्हणते, मी तर हिमालयाच्या पायथ्याची. तिचा रानटी पूर्वज अजून तिथे सापडतो, कडूजहर. म्हणजे पोरगी इथली. हजारो वर्षांपूर्वी इथून गेली, सासरी नाव बदललं, आणि आता माहेरपणाला आली तर आपणच तिला ओळखत नाही. तिच्याबद्दल वावड्या उठवायची पद्धतही जुनी. रोमचा बादशहा टायबेरियस याला म्हणे रोज काकडी लागे. तिचे वाफे चाकांवर बसवून उन्हात ढकलत नेत, असं प्लिनीने लिहून ठेवलंय. आता वनस्पतिशास्त्राचे लोक सांगतात की ती काकडी नव्हेच, खरबुजाच्या कुळातलं, आपल्या वाळकाच्या नात्यातलं काहीतरी असावं. दोन हजार वर्षं चर्चा चालली, तीही भलत्याच भाजीची!

नावाचा तंटा कोर्टातही जाऊन आलाय बरं का. इंग्लंडमध्ये अमेरिकेत तयार झालेलं घट्ट दही 'ग्रीक योगर्ट' म्हणून विकायला आलं, तेव्हा ग्रीसच्या एका कंपनीने दावा ठोकला. २०१४ साली लंडनच्या अपील न्यायालयाने सांगितलं, ग्रीसमध्ये केलेलं नसेल तर ग्रीक म्हणायचं नाही. त्या हिशेबाने तिसऱ्या मजल्यावरचं गाठोडं फार तर 'ग्रीक धर्तीचं'. आणि आपल्या हिशेबाने चक्का! निम्म्यावर उतरवलेला चक्का. पाडव्याला वेलची घातली की श्रीखंड, आणि एरवी काचेच्या डबीत घालून वर निळी-पांढरी चिठ्ठी डकवली की त्याच्या चौपट पैसे. मी डबी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचते. विरजण आणि दुधाखेरीज स्टार्च किंवा जिलेटिन दिसलं तर परत ठेवते. दही टांगायचा कंटाळा आला म्हणून त्याला खळ लावायची?

पण हे सगळं एकवेळ पोटात घातलं असतं. जे सहन होत नाही ते म्हणजे शेपू.

शेपूला या राज्यात कुणी काय काय केलं नाही! शेपूची भाजी घरात शिजतेय म्हटल्यावर "आज मला ऑफिसात जेवण आहे" म्हणणारे नवरे मी पाहिलेत. मुगाची डाळ घालून, लसणाची फोडणी देऊन, भाकरीशी केलेली ती भाजी पानात आली की ताट फिरवून तिला पलीकडच्या बाजूला नेणारी मुलं तर माझ्याच पोटची. लिफ्टमध्ये शेपूची जुडी घेऊन शिरले तर एक गृहस्थ दुसऱ्या मजल्यावर उतरून चालत वर गेले. बाळंतशेपा खाऊन बाळंतिणीचं पोट ठिकाणावर आलं की मग तिचा आणि शेपूचा संबंध पुढच्या बाळंतपणापर्यंत तुटला.

तीच मंडळी आता म्हणतात, "डिल नसेल तर मजा नाही."

डिल! मॉलमध्ये पारदर्शक डबीत चार काड्या आडव्या निजवलेल्या असतात, अतिदक्षता विभागात ठेवल्यासारख्या. त्या चार काड्यांच्या पैशात मावशी टोपलीभर शेपू देईल. जी मुलगी ती डबी हळुवार हाताने उचलते तिच्या आईला मी ओळखते. त्यांच्या घरात शेपू येत नाही, कारण 'वास'. अगं बये, तोच वास! झाड तेच, जात तीच. आपल्या शेपूचा दर्प किंचित तिखट असतो, एवढाच फरक. म्हणून घालताना हात जरा आखडता घ्यायचा. ही मुलगी परवा हातगाडीवर गेली आणि मावशींना विचारलं, "डिल आहे?" मावशी म्हणाल्या, "डील-बील काय नाय. एकच भाव."

आणि गंमत ऐका. शेपू घालायलाच हवा असं ग्रीसमध्येही एकमत नाही. कुणी घालतं, कुणी पुदिना घालतं, कुणी काहीच घालत नाही. काकडी, दही, लसूण, मीठ, तेल आणि थोडा व्हिनेगर किंवा लिंबू, झालं. म्हणजे ज्यासाठी इतक्या जणींनी शेपूशी गुपचूप समझोता केला, ती अटच नव्हती. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. शेपूचे दिवस पालटलेत तर पालटू देत.

आता आषाढी एकादशीचं सांगते, म्हणजे आवाज जरा हळू करते.

दर आषाढीला बी-विंगमध्ये सामुदायिक फराळ असतो. साबुदाण्याचे वडे, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि वड्यांबरोबर काकडीची कोशिंबीर. कोशिंबिरीची पाळी या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या सूनबाईंची. मुलगी चांगली आहे. उत्साही आहे. इथेच घोटाळा झाला.

ती मोठा काचेचा वाडगा घेऊन आली. पांढरंशुभ्र, वर तेलाचे सोनेरी थेंब, मधे हिरवळ. पहिली वाढून घेतली ती बी-विंगच्या काकूंनी. या काकू म्हणजे आमच्या सोसायटीचं धर्मपीठ. उपासाला कोथिंबीर चालते की नाही, जिरं चालतं पण हिंग का नाही, भेंडी कुठल्या घरात चालते आणि कुठल्या घरात चालल्याचं फक्त सांगतात, हे सगळं त्यांच्याकडून विचारून घ्यायचं. काकूंनी वडा बुडवला, खाल्ला, डोळे मिटले. "कोशिंबीर छान झालीय गं. दही कुठल्या डेअरीचं?" दुसरा वडा. तिसरा. वाटी पुन्हा भरून घेतली. तेवढ्यात सातवीतला एक कारटा बोट चाटत म्हणाला, "आजी, यात गार्लिक मस्त लागतंय ना?"

पंखा फिरण्याचा आवाज ऐकू आला, इतकी शांतता.

मग जी चर्चा झाली ती मी वर्षभर पुरवून खाणार आहे. कुणी म्हणालं, लसूण शिजवलेला नाही, कच्चा आहे, म्हणजे फळासारखाच. कुणी म्हणालं, नकळत खाल्लं की दोष नाही. एका काकांनी ऑलिव्ह ऑईल उपासाला चालतं का हा वेगळाच मुद्दा काढला. ऑलिव्ह हे फळ आहे, फळाचं तेल चालायला हवं, असं त्यांचं मत पडलं. शेपू पालेभाजी, म्हणून ती नाहीच चालणार, असं गुरुजी म्हणाले; त्यांचे दोन पंचे अजून मिळालेले नाहीत, त्यामुळे ते कडकच होते. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी. सगळ्यांची नजर काकूंवर.

काकूंनी वाटीकडे पाहिलं. विठ्ठलाच्या तसबिरीकडे पाहिलं. आणि म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी पुन्हा एकादशी आहेच, ती निर्जळी करीन. ही मोडलीच आहे तर तो वाडगा इकडे सरकव."

त्या दिवसापासून चातुर्मास लागला, म्हणजे कार्तिकीपर्यंत काकूंच्या घरी कांदा-लसूण बंद. पण जाजीकी बंद नाही. लसणाऐवजी आलं किसून घालतात म्हणे, आणि चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड. हे ग्रीक वकिलातीला कळता कामा नये.

बाकीच्यांनी काय दिवे लावले ते एका दमात सांगते. सदाशिव पेठेतून आलेल्या एका आत्यांनी साखर घातली. विचारलं तर म्हणाल्या, "चमचाभरच." नागपूरकडच्या वहिनींनी हिरव्या मिरचीचा ठेचा कालवला आणि लोक खोकत खोकत वाहवा करत राहिले. कोकणातल्या मामींनी काकडीऐवजी आख्खं तवसं किसलं. तवसं पाण्याने भरलेलं, वाडग्याचं तळं झालं, उरलेल्याचं त्यांनी धोंडस केलं आणि तेच जास्त संपलं. एकीने दाण्याचं कूट घातलं. आणि एकीने, नाव सांगत नाही, शेजारधर्म आहे, उत्तम प्रतीचं ऑलिव्ह ऑईल धूर येईपर्यंत तापवून मोहरी-हिंगाची फोडणी दिली. मेलबर्नला माझी पुतणी असते. तिथे ग्रीक वस्ती चांगली मोठी आहे आणि तिच्या शेजारीच एक ग्रीक आजी राहतात. पुतणीने त्यांना ही फोडणीची हकिकत सांगितली तर आजींनी क्रुसाची खूण केली.

पुरुषांचं सांगायचं राहिलं. एक जण बँकेतून निवृत्त झालेत. ते दही टांगण्यापूर्वी वजन करतात, टांगल्यावर दर तासाला वजन करतात आणि वहीत मांडतात. किलोभर दह्याचा निम्म्याच्या आसपास ऐवज राहतो हे आपल्या आज्यांना न मांडता ठाऊक होतं. पण त्यांनी आलेख काढलाय, आणि पाहुण्यांना आधी तो दाखवतात. दुसरे काही करत नाहीत, फक्त चव घेऊन "लसूण कमी" म्हणतात. त्यांना सगळ्या घरी बोलावणं असतं.

आता तुम्ही विचाराल, बाई, तुम्हाला एवढं सगळं कसं ठाऊक? तर हो. मीही करते. गेल्या महिन्यात चारदा केली. पण माझं म्हणणं वेगळं आहे. मला राग नव्या नावाचा नाही. राग याचा आहे की लोक नवं नाव घेतात आणि जुना हात विसरतात. मुलं मोबाईलवर बघून काकडी किसतात आणि तशीच दह्यात ढकलतात. अर्ध्या तासात वाडग्यात पाण्याचं डबकं. मग म्हणतात, रेसिपी चुकीची होती. अरे, खमंग काकडी करताना आजी काय करायची? काकडी चोचवायची, मीठ लावून ठेवायची आणि मुठीत धरून घट्ट पिळायची. मीठ काकडीतलं पाणी बाहेर ओढतं. ते आधीच ओढून फेकलं नाही तर पुढे वाडग्यात ओढणारच. ग्रीक आजीही तेच करते. पुतणीला त्यांनी पहिल्या दिवशी दुसरं काही शिकवलंच नाही, नुसतं पिळायला लावलं. मनगट दुखेपर्यंत.

माझी पद्धत सांगते. म्हशीच्या दुधाचं आंबट न झालेलं किलोभर दही, फ्रिजमध्ये तीन-चार तास टांगायचं. श्रीखंडासारखं रात्रभर टांगून कोरडं करायचं नाही. वाटीत चमचा उभा राहिला की पुरे. डेअरीचा चक्काच आणला असेल तर दोन चमचे ताजं दही घालून सैल करा. दोन काकड्या. आधी टोकाची चकती खाऊन बघा, कारण कडवटपणा बहुधा देठाकडे दबा धरून असतो आणि एका कडू काकडीने सगळ्याची माती होते. बिया जून असतील तर चमच्याने खरवडून काढा. किसणीच्या मोठ्या भोकांवर किसायची, अर्धा चमचा मीठ चोळून वीस मिनिटं ठेवायची, मग फडक्यात घालून पिळायची. पिळली असं वाटलं की आणखी एकदा पिळायची. लसणाच्या दोनच पाकळ्या, मिठाबरोबर ठेचून लोण्यासारख्या. दोनच. कच्चा लसूण वाडग्यात पडल्या पडल्या गरीब वाटतो आणि रात्रभरात गुंड होतो. लिंबू किंवा व्हिनेगर चमचाभर, चांगलं ऑलिव्ह ऑईल दोन चमचे, बारीक चिरलेला शेपू मूठभर नव्हे, चिमूटभराहून थोडा जास्त. कालवायचं आणि दोन तास त्याच्याकडे बघायचं नाही. मुरल्याशिवाय ती एकमेकांशी बोलत नाहीत. दोन-तीन दिवसांत संपवायची, आणि ती काही अडचण येत नाही.

काकडीचं पिळलेलं पाणी आणि दह्याची निवळी मात्र ओतायची नाही. त्यात थालीपिठाची भाजणी भिजवायची. त्याच थालीपिठाबरोबर जाजीकी खाल्ली तर गाजराच्या कांड्या कशासाठी होत्या तेच आठवणार नाही.

साखर नाही, कूट नाही, फोडणी नाही. सुरुवातीला माझाही हात शिवशिवला. कोशिंबीर वाढताना कढल्यात जिरं तडतडलं नाही तर मला दार उघडं राहिल्यासारखं वाटतं. पण ती तशीच ठेवली आणि खाल्ली. थंड, घट्ट, किंचित आंबट, मागून लसूण येऊन खांद्यावर टप्पल मारतो. चांगली लागते. काय करणार, लागते चांगली.

सासूबाईंचा रात्री दही खायला विरोध. आयुर्वेदात मनाई आहे आणि त्यांच्या माहेरीही होती. परवा रात्री साडेदहाला स्वयंपाकघरात दिवा दिसला. बघते तर सासूबाई वाडगा आणि गार भाकरीचा तुकडा घेऊन बसलेल्या. म्हणाल्या, "दही कुठे आहे हे? पाणी काढलेलं आहे सगळं." चार घास गेले. मग निकाल लागला: "शेपू कमी पडलाय."

तर येत्या शनिवारी भिशी आमच्याकडे आहे. जाजीकी मी करते. पुदिनावाल्यांनी आपापला पुदिना आणावा, आणि साखर आणू नये. शिवाय एक विनंती. कुणाच्या फ्रिजमध्ये, चाळणीवर, पंढरपूरचा लाल काठाचा पंचा अजून टांगलेला असेल, तर दही काढून घ्या आणि पंचा तेवढा परत करा. धुतला नाही तरी चालेल. मामंजी तोवर टर्किश टॉवेलवर भागवताहेत.